न चाखता केलेली बिअर

नलूआत्याच्या घरात दारूचं नाव घ्यायची वेळ आलीच तर ते जर्मनमध्ये घ्यायचं, असा दंडक होता. मराठीत घेतलं की देवांना कळतं, असं तिचं म्हणणं. देव मिरजेहून आणलेले. इतकी वर्षं जर्मनीतल्या त्सुफेनहाउझेनमध्ये काढूनही त्यांना जर्मन आलं नव्हतं, आणि आत्याच्या मते येण्याची चिन्हंही नव्हती. त्यामुळे शनिवारी संध्याकाळी आतोबा टोपी घालत आणि देवघराच्या बाजूला पाठ करून ‘गेत्रेंक घेऊन येतो’ असं पुटपुटत बाहेर पडत. गेत्रेंक म्हणजे नुसतं पेय. त्यात लिंबू सरबतही बसतं. परत येताना त्यांच्या तोंडात एवढी बडीशेप असायची की बोलणं ऐकू येण्याआधी वास यायचा, आणि आत्या काही न विचारता पान वाढायची. हे असं कित्येक वर्षं चाललं होतं आणि दोघांचंही त्यावर काही म्हणणं नव्हतं.

त्या घराच्या माळ्यावरच्या उतरत्या छपराच्या खोलीत मी राहत होते. खाली स्वयंपाकघर, त्याखाली केलर, म्हणजे तळघर. आतोबा गाड्यांच्या कारखान्यात होते. कारखान्यातून नव्या गाड्या चाचणीसाठी बाहेर काढल्या की आमच्या गल्लीच्या टोकावरून जायच्या आणि फडताळातल्या वाट्या किणकिणायच्या. आतोबा घास हातात धरून कान द्यायचे आणि गवयाला द्यावी तशी दाद द्यायचे, ‘ही छान लागलीय.’ तेवढ्यात कुकरची शिट्टी व्हायची. आत्याचा कुकर त्या गाड्यांपेक्षा जुना होता आणि जास्त आवाज करायचा. बाजारातल्या क्वार्कचा, म्हणजे तिकडच्या घट्ट दह्याचा, ती असा चक्का बांधायची की तसं श्रीखंड मी पुढे पुण्यातही खाल्लं नाही. राय नावाच्या तिकडच्या धान्याच्या पिठाची थालीपिठं व्हायची. जर्मन लोकांचा तो आंबट कोबी आणून ती त्याला हिंग-मोहरीची फोडणी द्यायची आणि वर म्हणायची, ‘बिचाऱ्यांना पुढचं सुचलंच नाही.’

आता मी, म्हणजे त्या वेळची शैला. तिच्याबद्दल चार शब्द सांगायला हवेत, कारण ती आज दारात उभी राहिली तर मी तिला आत घेईन की नाही याची मलाच शंका आहे. घट्ट वेणी, त्याहून घट्ट ओठ, सूक्ष्मजीवशास्त्रातलं सुवर्णपदक, आणि ते पदक कोणी विचारलं नाही तरी तिसऱ्या वाक्यात बोलण्यात आणायची हातोटी. वडील साखर कारखान्यात केमिस्ट होते, म्हणून साखरेतलं आपल्याला सगळं कळतं असा एक वारसाहक्काचा गैरसमज. ही बया शिष्यवृत्ती मिळवून आंबवण्याचं शास्त्र शिकायला जर्मनीला आली. निघताना देवापुढे, सगळे जमलेले असताना, तिनं वडिलांच्या, म्हणजे अण्णांच्या, पायांना हात लावून जाहीर केलं, ‘शिकेन, पण थेंबसुद्धा ओठाला लावणार नाही.’ अण्णा वर्तमानपत्र वाचत होते. ते ‘बरं’ म्हणाले. त्यांनी तिच्याकडे काही मागितलंच नव्हतं. पण तिला शपथ हवी होती. शपथेशिवाय परदेशगमन तिला अळणी वाटत होतं.

शिष्यवृत्ती उन्हाळ्याच्या शेवटी संपणार होती. त्यापुढे राहायचं तर मी शिकत होते त्या संस्थेत डॉक्टरेटची जागा मिळायला हवी होती, आणि त्या वर्षी जागा एकच होती. ती द्यायची की नाही हे फ्राऊ डॉक्टर हेलविग ठरवणार होत्या. बाई उंच, आवाज सिगारेटींनी खरवडलेला, आणि समोरच्याचं बोलणं संपेपर्यंत न थांबण्याची सवय. त्यांची एक रीत होती. जो त्यांच्या हाताखाली काम करू इच्छितो त्यानं स्वतःच्या घरी, स्वतःच्या हातानं केलेली बिअर उन्हाळ्याच्या सुरुवातीला संस्थेच्या अंगणात आणायची. प्रयोगशाळेत केलेली चालणार नाही. ‘आल्झो, इथे यंत्रं बिअर करतात,’ त्या म्हणाल्या, ‘मला तुम्ही काय करता ते बघायचंय.’ दुसरा उमेदवार अलोइस. बव्हेरियाचा, लालबुंद कानांचा, शांत. त्याच्या घरी आजोबांपासून बिअर होत होती. मी मनात म्हटलं, होऊ दे. आमच्या घरी आजोबांपासून सुवर्णपदकं येताहेत. तेही खोटंच होतं. आजोबा मॅट्रिकला दोनदा बसले होते.

जागा मिळाली नाही तर परत जायचं आणि मिरजेत सगळ्यांना तोंड दाखवायचं, हे मला मरणाहून वाईट वाटत होतं. आज वाटतं, मिरजेत कोणाला पडली होती? पण त्या वयात आपल्याकडे सगळं जग बघतंय असं वाटतं, आणि म्हणूनच त्या वयात एवढं काम होतं. मी ठरवलं, बिअर करायची, आणि अशी करायची की हेलविगबाईंनी मधे बोलायचं विसरून जावं.

आत्याला विचारणं हा पहिला डोंगर. मी जर्मनमध्ये विचारलं. ती पोळ्या लाटत होती. तिनं आधी दोन पोळ्या लाटून भाजल्या. मग म्हणाली, स्वयंपाकघरात नाही, माझ्या भांड्यात नाही, माझ्या पळीनं नाही, आणि वास वर आला तर सगळं बाहेर. आतोबांना हे ऐकून जो आनंद झाला तो त्यांनी खोकल्यात लपवला. संध्याकाळपर्यंत त्यांनी कुठून तरी जॅम उकळायचा भला मोठा टोप पैदा केला आणि केलरमधल्या कपडे धुवायच्या खोलीत शेगडी मांडली. माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेलं सातू, भिजत घालणं, रस गाळणं, हॉप्सची कडू फुलं टाकून उकळणं, गार करणं, यीस्ट सोडणं, हे सगळं मी पांढरा कोट घालून केलं. कपड्यांच्या दोरीवर आतोबांचे बनियन वाळत होते आणि त्यांच्या मधोमध मी कोटात. फोटो नाही हे माझं नशीब.

इथे थोडं शास्त्र सांगते, फार नाही. यीस्ट रसातली साखर खातं, त्याची दारू करतं आणि वायू सोडतं. भांड्याला पाण्याची टोपी असलेली नळी लावतात, तिच्यातून तो वायू बुडबुड करत निघून जातो. सगळी साखर खाऊन झाली की बुडबुड थांबते. बिअर तयार, पण सपाट, फेसाशिवायची. मग बाटलीत भरताना तिला पुन्हा थोडं गोड द्यायचं. उरलंसुरलं यीस्ट ते खातं, पुन्हा वायू सोडतं, पण आता बूच बंद असतं. वायूला जायला जागा नाही, तो बिअरमध्येच मुरतो. पेल्यात ओतल्यावर वर येतो तो हाच. जर्मन जाणकार यासाठी साखर वापरत नाहीत. सुरुवातीचाच रस थोडा राखून ठेवतात आणि त्याला ‘श्पाइझे’, म्हणजे अन्न म्हणतात. बाटलीच्या प्रवासाला निघालेल्या यीस्टची ती शिदोरी.

मीही एक बरणीभर रस राखला होता, आत्याच्या फ्रिजमध्ये, दुधाच्या मागे. दुसऱ्या दिवशी बरणी घासूनपुसून पालथी घातलेली सापडली. आत्या म्हणाली, कोणाचा तरी शिळा काढा होता, ओतून दिला. मी तिच्याकडे असं पाहिलं की आतोबा उठून बागेत गेले. आत्यावर मात्र काही परिणाम झाला नाही. ‘लेबल लावायचं,’ ती म्हणाली. ‘एवढी शिकलीस ना?’

ठीक आहे, साखर घालू, मी म्हटलं. साखर कारखान्यातल्या केमिस्टची मुलगी मी. बव्हेरियाला दाखवू साखर काय असते ते.

पण खरी गंमत साखरेत नव्हती, त्याच्या आधी होती. बाटल्या भरण्यापूर्वी आंबणं पुरतं संपलंय की नाही हे बघावं लागतं. रसात तरंगणारी एक काचेची मापकांडी असते, ती किती बुडते त्यावरून गोडवा कळतो. माझी कांडी धुण्याच्या यंत्रावरून गडगडत खाली गेली आणि फुटली. दुसरी संस्थेतून मागता आली असती. पण मग ती कशी फुटली हे सांगावं लागलं असतं, तेही अलोइससमोर. नको. कांडी नसेल तर दुसरा उपाय जगातला प्रत्येक बिअर करणारा हजारो वर्षं करत आलाय, आणि तो म्हणजे एक चमचा घ्यायचा आणि तोंडात टाकायचा. आतोबा तर चमचा खिशात घेऊनच उभे होते. ‘मी बघू का?’ त्यांनी अतिशय अदबीनं विचारलं.

मी नाही म्हटलं. का, तर माझ्याकडे सिद्धान्त होता. आमच्याकडे नैवेद्याचा स्वयंपाक चाखायचा नसतो. देवाच्या आधी जीभ लावली की उष्टं झालं. गौरी जेवायच्या दिवशी आत्या पुरणापासून कटाच्या आमटीपर्यंत सगळा घाट एकटीनं घालायची, आणि पान वाढून होईपर्यंत जिभेला काही लावायची नाही. मीठ वासावरून, पुरण शिजलं की नाही ते बोटांवरून, कट उकळला की नाही ते आवाजावरून. आणि कधी काही चुकायचं नाही. यावरून मी असा निष्कर्ष काढला की ज्याला येतं त्याला चाखावं लागत नाही, चाखणं हे कच्च्या माणसाचं काम. शपथ पाळली जात होती आणि वर शास्त्रही होतं. आतोबांना मी हे सगळं समजावून सांगितलं. त्यांनी चमचा खिशात परत ठेवला. ‘तू म्हणशील तसं,’ ते म्हणाले, आणि त्या भांड्याकडे त्यांनी ज्या नजरेनं पाहिलं ती मी अजून विसरलेले नाही.

बुडबुड थांबली होती, एवढं मी पाहिलं होतं. ती का थांबली हे पाहिलं नव्हतं. वास वर येऊ नये म्हणून आत्यानं केलरची खिडकी उघडी टाकली होती. बाहेर अजून थंडी होती. यीस्ट जेवून उठलं नव्हतं, काकडून झोपलं होतं. अर्धं ताट तसंच समोर ठेवून.

आणि मी साखरेचा पाक केला. ‘पाक’ हा शब्द कानावर पडल्याबरोबर आत्याला राहवेना. पहिल्यांदाच ती केलरच्या पायऱ्या उतरून आली, नाकाला पदर लावून, आणि लांबूनच म्हणाली, एकतारी झाला की काढ. मी म्हटलं, तारबीर काही नको, नुसती विरघळलेली साखर हवी, बाटलीमागे जेमतेम छोटा चमचा. ‘एवढीशी?’ आत्या म्हणाली. ‘पाहुण्यांना देणार ना?’ मग तिच्या समाधानासाठी की माझ्या, देव जाणे, मी थोडी वाढवली. तारेच्या खटक्याच्या, पांढऱ्या चिनी मातीच्या बुचाच्या बाटल्या आतोबांनी जमवल्या होत्या. त्या भरल्या, खटके लावले. आता त्यांना ऊब हवी होती, म्हणून मी त्या माळ्यावर नेल्या आणि हीटरजवळ, माझ्या पलंगाखाली, रांगेनं ठेवून वर गोधडी घातली. इडलीचं पीठ फुगायला ठेवतात तसं. आत्याकडूनच शिकले होते.

माझी नात ईरा इथे कोलोनमध्ये, तिच्या स्वयंपाकघरात, बिअर करते. तिच्या फोनमध्ये एक ॲप आहे. किती लिटर, किती उष्णता, कोणत्या जातीची, एवढं विचारून ते साखर किती ग्रॅम ते सांगतं. मी तिला गोधडीची गोष्ट सांगायला लागले की ती म्हणते, ‘वाइस इख, ओमा.’ माहीत आहे म्हणे. तिला मराठी सगळं कळतं, फक्त उत्तर जर्मनमध्ये येतं. मागच्या महिन्यात तिनंही बाटल्या भरण्याआधी चाखली नाही, मापानं सगळं दाखवलं होतं म्हणून. मी काही बोलले नाही. आजीनं कधी गप्प बसायचं हे मी उशिरा शिकले, पण शिकले.

तर रविवार होता. आत्या कणीक मळत होती, आतोबा भाजी चिरत होते, मी कोशिंबीर. वरून स्फोट झाल्यासारखा आवाज आला. आत्यानं आधी गॅसकडे धाव घेतली, तिला वाटलं कुकर गेला. कुकर जागेवर होता आणि अजून शिट्टीलाही आला नव्हता. दुसरा आवाज झाला, मग तिसरा, आणि मग काच खळखळल्याचा. आम्ही तिघंही वर बघत होतो. लाकडी छताच्या फटीतून एक पिवळा थेंब ओघळला, लोंबकळला, आणि नेमका कणकेत पडला.

आत्यानं कणकेकडे पाहिलं. मग देवघराकडे. मग माझ्याकडे.

मी जिन्याकडे निघाले तर आतोबांनी माझा दंड धरला. त्यांना मी तोवर कधी आवाज चढवलेला ऐकला नव्हता. कोणी वर जाणार नाही, ते म्हणाले, बाटल्या बाँब झाल्यात, डोळे जातील. आणि मी, जी सूक्ष्मजीवशास्त्रात पहिली आले होते, जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसून रडायला लागले. बाटल्यांसाठी नाही. उन्हाळा तोंडावर आला होता, दुसरी बिअर करायला वेळ उरला नव्हता, आणि वर पलंगाखाली माझी जागा एकेक करून फुटत होती.

आत्या हात धुवून आली. ती माझ्या शेजारी बसली नाही, डोक्यावरून हातही फिरवला नाही. तिनं आतोबांना विचारलं, अहो, आत वाफच धरलीय ना? म्हणजे कुकरच की. कुकर गार केल्याशिवाय उघडायचा नाही आणि शिट्टी हळूहळू उचलायची, यात रडण्यासारखं काय आहे? मग तिनं सूत्रं हातात घेतली. आतोबांना त्यांचं मोपेडचं हेल्मेट आणि जाड हातमोजे घालायला लावले. मला त्यांचा हिवाळ्यातला कोट, वर मफलर, वर भाजी धुवायची चाळणी तोंडापुढे धरायला. माळ्याची खिडकी उघडली, हीटर बंद केला, बाटल्यांवर थंड पाण्यात भिजवलेल्या जुन्या चादरी टाकल्या आणि त्या पुरत्या गार होईपर्यंत आम्हाला खाली जेवायला बसवलं. कणीक टाकून दिली होती, म्हणून भात जेवलो. वर आणखी एक फुटली तेव्हा आतोबांनी फक्त ताक मागितलं.

मग आम्ही ओल्या टॉवेलात गुंडाळून एकेक बाटली केलरमध्ये आणली. मी खटका केसाएवढा उचलायचा, फुस्स करून वायू सोडायचा, पुन्हा दाबायचा, पुन्हा उचलायचा. आत्या पायरीवर उभी राहून शिट्ट्या मोजल्यासारखी सांगत होती, अजून आहे, अजून आहे, हां, आता बसली. फेस कोपरापर्यंत आला, केसांत गेला, बनियनांवर उडाला. एकही बाटली आमच्या हातात फुटली नाही. शेवटी निम्म्याहून थोड्या जास्त बाटल्या वाचल्या, त्याही अर्ध्यामुर्ध्या.

‘आता?’ आतोबांनी विचारलं.

आता काय, मी म्हटलं, हे असं कसं झालं तेच मला कळत नाही. साखर थोडी जास्त होती, पण एवढी नाही. आणि मी हिशेब करायला लागले, उष्णता अशी, यीस्ट असं, दाब तसा. आत्या ऐकत होती. ऐकता ऐकता तिनं विचारलं, चव कशी होती भरताना? मी म्हटलं, चाखली नव्हती. का? मी तिला तिचाच नैवेद्य सांगितला.

आत्या हसली नाही. तिला खरोखर राग आला. ‘अगं शहाणे,’ ती म्हणाली, ‘नैवेद्याच्या दिवशी मी चाखत नाही, कारण बाकीचं वर्षभर मी दुसरं काय करते? लग्न झाल्यापासून आमटी चाखतेय मी. जीभ झिजलीय माझी. तू एक दिवस तरी चाखलीस? चाख ती बिअर. नाहीतर ओतून दे सगळी मोरीत आणि जा मिरजेला.’

हे ती स्वच्छ मराठीत बोलली. दार उघडं होतं, देवांना ऐकू गेलंच असणार.

मी शपथेबद्दल काहीतरी म्हणाले. आत्यानं विचारलं, दादानं, तुझ्या अण्णांनी, घातली होती का ती? आतोबांनी खिशातून चमचा काढला. तो त्यांच्या खिशात इतके दिवस होता की नव्यानं ठेवलेला, हे मी कधी विचारलं नाही.

आधी गोड लागली. रसवंतीत उसाच्या रसात शिळा पाव बुडवून पिळावा तशी. त्यामागून कडू आलं, आणि मग पुन्हा गोड, चिकट, जिभेच्या कडांवर बसून राहिलेलं. जिथे गोडवा संपलेला असायला हवा होता तिथे तो सगळाच्या सगळा बसून होता. हिशेब करून जे सापडत नव्हतं ते एका चमच्यात समोर उभं राहिलं. यीस्टनं आधीचंच जेवण संपवलं नव्हतं, मी वर शिदोरी बांधून दिली आणि गोधडी पांघरली. बाटल्या फुटल्या नसत्या तरच नवल.

पुढे त्या उन्हाळ्यात अण्णांना फोनवर सांगितलं, रडत रडत, अगदी कबुलीजबाबाच्या थाटात. मला वाटलं, आता ओरडणार. ‘कशी लागली?’ त्यांनी विचारलं. मी सांगितलं. ‘म्हणजे साखर शिल्लक होती,’ ते म्हणाले, आणि आईकडे फोन दिला.

पण तेव्हा केलरमध्ये मला एवढंच कळलं होतं की ही बिअर मेलेली नाही, अर्धवट आहे. अर्धवट गोष्ट पुरी करता येते. मी सगळ्या बाटल्या पुन्हा भांड्यात ओतल्या. ओतताना तिला हवा लागली. हे वाईट असतं, बिअरला हवा लागली की तिला भिजल्या पुठ्ठ्याची चव येते, हे मला माहीत होतं. पण दुसरा रस्ता नव्हता. खिडकी बंद केली. भांड्याभोवती आतोबांचं स्वेटर बांधलं. दुसऱ्या दिवशी नळीतून बुडबुड सुरू झाली, आधी अडखळत, मग एका लयीत. आणि रोज सकाळी संस्थेत जायच्या आधी मी एक चमचा घेत असे. आतोबा दुसरा घेत. ‘काल डाव्या बाजूला गोड होती, आज नाही,’ असं ते गंभीरपणे सांगत. आत्या वरून ओरडायची, दात घासा आणि मगच देवघराजवळ या. गोडवा एकेक दिवस मागे हटत गेला, आणि तो पुरता गेला त्या दिवशी मी पाक केला, मोजून, आणि आत्यानं ‘एवढीशी?’ असं या वेळी विचारलं नाही.

संस्थेच्या अंगणात चेस्टनटच्या झाडाखाली लांब टेबल मांडलं होतं. खुर्च्या मोजक्या होत्या, त्यांवर संस्थेतली जुनी मंडळी. आम्ही दोघं उभे. हेलविगबाईंच्या रीतीचा एक भाग मला कोणी सांगितला नव्हता. आधी करणाऱ्यानं स्वतःची बिअर पिऊन ती कशी आहे ते सांगायचं, मग त्या पिणार. अलोइस पुढे झाला. त्याची बिअर सोन्यासारखी नितळ, वर बोटभर फेस. तो प्यायला आणि म्हणाला, ‘गूट.’ चांगली, एवढंच. कान लाल झाले. बाई प्यायल्या, मान हलवली.

माझी गढूळ होती. फेस मात्र आला, आणि टिकला. मी प्यायले. चार आठवड्यांपूर्वीची शैला असती तर तिनं इथे यीस्टचं शास्त्र, मिरज, सुवर्णपदक, काय काय सांगितलं असतं. मी म्हटलं, पुठ्ठ्यासारखी चव आहे, हवा लागली आहे. आंबणं मधे थांबलं होतं, केलर गार पडलं होतं, आणि मी न चाखता बाटल्या भरल्या. काही फुटल्या. उरलेल्या पुन्हा ओतून पुन्हा आंबवल्या. गोडवा संपेपर्यंत रोज चाखली. आता गोड नाही. बाटलीत साखर घातली आहे, श्पाइझे नाही, कारण श्पाइझे माझ्या आत्यानं मोरीत ओतलं.

कोणीतरी हसलं. हेलविगबाई हसल्या नाहीत. त्यांनी मला मधे तोडलंही नव्हतं, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. त्या प्यायल्या, थांबल्या, पुन्हा एक घोट घेतला.

‘गेनाऊ,’ त्या म्हणाल्या. ‘जसं सांगितलंस तसंच आहे सगळं. बिअर वाईट आहे.’ त्यांनी सिगारेट शिलगावली. जागेचं मी उन्हाळा संपताना ठरवीन, त्या पुढे म्हणाल्या, अलोइसनं उद्यापासून प्रयोगशाळेत यावं. तुला थांबायचं असेल तर बाटल्या धुवायच्या खोलीत काम आहे. ते पुरे असेल तर बघ.

एक काळ असा होता की या वाक्यावर मी तडक आत्याच्या घरी जाऊन पेटी भरली असती. माझं पदक, माझे वडील, बाटल्या धुवायच्या? पण गेले काही आठवडे रोज सकाळी मी चाखायला शिकले होते आणि ते बाटल्या धुण्याच्या खोलीत शिकता आली नसती. संस्थेतली मंडळी रोज सकाळी याच टेबलाशी बिअर चाखायला बसतात, हे मला माहीत होतं.

‘बाटल्या धुवेन,’ मी म्हटलं. ‘पण सकाळच्या चाखण्याला मी इथे बसणार. उभी राहणार नाही, बसणार. फक्त धुवायचं असेल तर माणूस दुसरं शोधा.’

हे जर्मन मी आदल्या दिवसापर्यंत बोलू शकत नव्हते. कुठून आलं कोण जाणे. हेलविगबाईंनी माझ्याकडे पाहिलं, धूर बाजूला सोडला, आणि पाय लांब करून समोरची रिकामी खुर्ची बुटानं मागे ढकलली.

मी बसले. कोणीतरी माझ्यापुढे अलोइसच्या बिअरचा पेला सरकवला. आयुष्यात मी तोवर फक्त माझी एक फसलेली बिअर चाखली होती. चांगली कशी असते हे मला ठाऊकच नव्हतं. मी एक घोट घेतला. मग दुसरा. गार, स्वच्छ, धान्याच्या कोठाराचा वास, आणि शेवटी एक कोरडा कडूपणा, जो पुढच्या घोटाची वाट मोकळी करून निघून जातो. मी पेला खाली ठेवला तेव्हा तो रिकामा होता.

‘इथे चाखतात,’ हेलविगबाई म्हणाल्या. ‘पीत नाहीत.’

‘पहिलीच आहे, फ्राऊ डॉक्टर,’ मी म्हटलं. ‘समजायला वेळ लागतो.’ आणि मी पेला अलोइससमोर धरला.